अपघाताविना दिवस

सोमवारी सकाळी ज्योतिबानं मानसिंगच्या टेबलावर अनारशांचा डबा ठेवला, आणि तो उजव्या हातानं ठेवला. हा हात तो एरवी खिशात घालून असायचा. दीड वर्षापासून गेटवरच्या खोलीत तो डाव्या हातानं नोंदी करायचा, डाव्या हातानं सलाम करायचा आणि रोज सकाळी पावणेआठला स्टुलावर चढून फलकावरचा आकडाही डाव्याच हातानं बदलायचा. ‘अपघाताविना दिवस’ असं त्या फलकावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मानसिंग हेल्मेट काढता काढता रोज त्या आकड्याकडे बघायचा. आकडा बदलणाऱ्याकडे बघायची सवय त्यानं स्वतःला लागू दिली नव्हती. आज मात्र डब्याच्या बाजूला तो हात अगदी समोर आला. अंगठा, करंगळी आणि त्यांच्यामध्ये अर्धं उरलेलं एक बोट. अडीच बोटं नाहीत हे मानसिंगला माहीत होतंच, पण माहीत असणं वेगळं आणि सकाळी आठ वाजता डोळ्यांसमोर असणं वेगळं.

“सासूनं दिल्यात,” ज्योतिबा म्हणाला. “काल धोंड्याचं जेवान हुतं कुंडलला. तेहतीस घातलं ताटात. माज्या घशाखाली दोन उतरलं न्हाईत.”

अधिक महिना लागला की जावयाला बोलावतात, पाय धुतात, जेवू घालतात. त्यात नवल काही नव्हतं, म्हणून मानसिंग चेष्टेचं काहीतरी बोलायच्या तयारीत होता. पण ज्योतिबा गेला नाही. उभ्या उभ्या, हजेरी सांगावी अशा आवाजात तो सांगू लागला. सासूनं पाय धुतले इथवर रीत होती. मग तिनं हा हात ओढून घेतला, परातीवर धरला, त्याच्यावर कपाळ टेकलं आणि पाहुण्यांदेखत उठेचना. शेवटी शिवांजलीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, आईच्या काखेत हात घालून तिला उठवलं. दीड वर्षात तिनं जावयाकडे मान वर करून पाहिलेलं नाही. दोन्ही म्हशी विकल्या. वैरण कापायचं कडबाकुट्टीचं यंत्र भंगारवाल्याच्या गाडीत घातलं, पैसेही घेतले नाहीत. चहात दूध घालत नाही. लेकीच्या धन्याचा हात मी खाल्ला, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मानसिंगनं विचारलं, हे तू इतक्या दिवसांत मला कधी बोलला का नाहीस. ज्योतिबानं हात पुन्हा खिशात घातला.

“काय बोलू सायेब? कुंडलचं नाव तुमीच घेतलं हुतं न्हवं?”

हे त्यानं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं, पर्यवेक्षकाला तेवढं शिकवलेलं असतं. पण तो आठवण करून द्यावी तसं बोलला, घड्याळाकडे पाहिलं आणि आकडा बदलायचा राहिलाय म्हणून निघून गेला. काचेतून मानसिंगला तो स्टुलावर चढताना दिसला. नऊशे अठ्ठ्याऐंशीतला शेवटचा आठ काढून त्यानं काखेत धरला आणि तिथं नऊ अडकवला. हजारला अकरा दिवस होते. हजाराव्या दिवशी, येत्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी, पुण्याहून मोठे साहेब येणार होते. प्रेस विभागातल्या बासष्ट जणांना प्रत्येकी एक मिक्सर मिळणार होता आणि मानसिंगला मानचिन्ह, शाल आणि पुण्याच्या कारखान्यात बढती. मानसिंगनं डब्याचं झाकण उघडलं. अनारसे चांगले जाळीदार झाले होते. त्यानं झाकण परत लावलं.

दीड वर्षापूर्वीचा, चारशे चौदावा दिवस रविवार होता. कामाला सुट्टी होती आणि सोमवारी माल जायचा होता, म्हणून मानसिंगनं सकाळी सहाला चौघांना फोन केले. ज्योतिबा तेव्हा उंब्रजच्या घरातून मोटरसायकलवर निघाला होता, कुंडलला, सासूकडे. सासरा वारलेला, मेव्हणा सैन्यात, म्हातारी एकटी, म्हणून महिन्यातून एकदा तो चक्कर टाकायचा. हमरस्त्यावर येतो न येतो तोच फोन वाजला. दुपारी जाईन की कुंडलला, असं म्हणून त्यानं कराडऐवजी साताऱ्याकडे गाडी वळवली, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी बायकोला काय कळवायचं म्हणून कळवलं नाही. पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात दोन्ही बटणांवर असल्याशिवाय वरचा दट्ट्या खाली येऊ नये, अशी ती सोय. पण एका बटणावर चिकटपट्टी लावून ते कायमचं दाबून ठेवलं की एक हात मोकळा राहतो आणि तासाला चाळीस नग जास्त निघतात. ही पट्टी कुणी लावली हे कुणी कधी विचारलं नाही. मानसिंगनंही नाही, कारण पट्टीचं रीळ त्याच्याच कपाटात असायचं.

आवाज मोठा झाला नव्हता. मानसिंगला नंतर पुष्कळदा याचंच आश्चर्य वाटलं. प्रेसचा नेहमीचा ठोका, मग पुढचा ठोका आला नाही, आणि त्या न आलेल्या ठोक्यानं त्यानं मान वर केली. शेजारच्या प्रेसवरच्या अश्फाकनं ज्योतिबाला मागून धरलं होतं आणि तो ‘कुछ नहीं हुआ, कुछ नहीं हुआ’ असं पुटपुटत होता. साताऱ्यातल्या दवाखान्यात कंपनीला ओळखणारे लोक होते, म्हणून अश्फाकच्या चुलतभावाच्या व्हॅनमधून त्याला कराडला नेलं. वाटेत कुणी काही ठरवलं नाही, हे मानसिंग आजही शपथेवर सांगेल. डॉक्टरनं पेन काढून विचारलं, बोटं कशात गेली. आणि मानसिंगच्या तोंडून, नाव-गाव सांगावं इतक्या सहज, निघून गेलं, कडबाकुट्टीत. डॉक्टरनं मान डोलावली. महिन्याला दोन-तीन हात त्याच्याकडे कुट्टीत गेलेले येत होते. कुठं, असं त्यानं विचारलं. ज्योतिबाच्या दारात जनावर नव्हतं आणि ते सगळ्या उंब्रजला माहीत होतं. ‘सासुरवाडीला, कुंडलला,’ मानसिंग म्हणाला. जखमेत काळं तेल होतं. डॉक्टरनं एकदा वर पाहिलं, आणि सांगितलं तसं लिहिलं. स्ट्रेचरवरून ज्योतिबा मानसिंगकडे बघत होता आणि त्यानंही मान हलवली. त्या हलवलेल्या मानेवर मानसिंग दीड वर्ष जगला. ज्योतिबा स्वतःच तयार होता, असं म्हणायला ती मान पुरत होती.

तो तयार का होता, हेही मानसिंगला ठाऊक होतं. फलक लागायच्या आधी विभागात महिन्याला सहा-सात किरकोळ नोंदी व्हायच्या. बोट चेंगरलं, पत्र्यानं कापलं, डोळ्यात कण गेला. मग बक्षिसं आली. अडीचशे दिवसांना स्टीलचे डबे, पाचशेला कुकर, साडेसातशेला ब्लँकेट. एकाची नोंद झाली की सगळ्यांचा आकडा शून्यावर. पहिल्या खेपेला गुंडा नावाच्या एका कामगाराचा हात भाजला आणि त्यानं सरळ जाऊन वहीत लिहिलं. दोनशे बारावा दिवस होता. त्याला कुणी शिवी दिली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत त्याच्या बाकावर कुणी बसेना. बायका हळदीकुंकवाला भेटतात, तिथंही म्हणे त्याच्या बायकोला कुणीतरी विचारलं, तुमच्यांनीच का डबे घालवले. तीन महिन्यांनी तो कंपनी सोडून गेला. त्यानंतर प्रेस विभागात कुणालाही काहीही झालं नाही. अश्फाकनं आपल्या कपाटात चिकटपट्ट्या, हळद आणि मलम ठेवायला सुरुवात केली, स्वतःच्या पैशानं. रक्ताचे बोळे डब्यातून घरी जायचे. लंगडणारा म्हणायचा बाभळीचा काटा, हात बांधलेला म्हणायचा उसाचं पान. आणि पुण्याचे साहेब पडद्यावर एक रेघ दाखवायचे, जी बक्षीस लावल्यापासून खाली खाली येत जमिनीला टेकली होती. माणसाला योग्य बक्षीस दिलं की तो आपोआप सावध होतो, असं ते म्हणायचे, आणि टाळ्या पडायच्या. मानसिंगही टाळ्या वाजवायचा. वाईट याचं की पहिलं वर्षभर त्याचा त्यावर विश्वासही होता.

खरं तर त्याला इतरांच्या आधी कळायला हवं होतं. तो सहा वर्षांचा असताना वडील सैन्यात होते आणि आई, बनुबाई, कोरेगावच्या शेतात एकटी राबायची. त्याला बांधावर बसवून ती म्हणायची, दिवसभर माझ्यामागं रडारड केली नाहीस तर संध्याकाळी गुळाचा खडा. एके दिवशी त्याच्या टाचेत काटा मोडला. तो बोलला नाही. त्या संध्याकाळी खडा मिळाला, दुसऱ्या दिवशीही मिळाला. तिसऱ्या दिवशी पाय तांब्याएवढा सुजला, तेव्हा आईनं आधी त्याला मारलं आणि मग छातीशी धरून रडली. का रं बोललास न्हाईस, असं ती विचारत राहिली. तिनं न रडण्याचं बक्षीस ठेवलं होतं आणि तो रडला नव्हता. एवढा साधा हिशेब आईला का कळत नाही, असं त्याला वाटलं होतं. त्या गुळाची चव मात्र त्याला आजही गोडच आठवायची, आणि आता टेबलाशी बसल्या बसल्या त्याला स्वतःच्या त्या जिभेची शिसारी आली.

तो आठवडा त्यानं कसा काढला ते त्याचं त्यालाच ठाऊक. घरी संयोगिता पुण्याच्या शाळांची माहिती काढत बसली होती. नवऱ्याचं नाव झालं म्हणून तिनं तिच्या भावाला, मावशीला आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना सांगून टाकलं होतं. समारंभात काय नेसायचं हे ती त्याला विचारायची आणि तो भलत्याच रंगाचं नाव घ्यायचा. एकदा त्यानं तिला सगळं सांगायचं ठरवलं, शेजारी जाऊन बसलाही. पण तिनं त्याच्याकडे इतक्या आनंदानं पाहिलं की त्यानं पाणी मागितलं. डोळ्यांपुढे सारखी परात यायची, आणि परातीवर वाकलेलं एका बाईचं डोकं, जिला त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. हात गमावलेला माणूस रोज समोर होता, त्याची त्याला सवय झाली होती. त्याला गेटवरचं हलकं काम दिलं, कायम केलं, दवाखान्याचं बिल विभागानं वर्गणी काढून भागवलं. मिटलं होतं सगळं. त्या मिटलेल्या प्रकरणाखाली एक म्हातारी दीड वर्ष दबून पडली होती, हे कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं.

गुरुवारी त्यानं ज्योतिबाला गाठलं आणि म्हणाला, मी कुंडलला जाऊन तुझ्या सासूला खरं सांगतो. ज्योतिबानं नोंदवहीवर एक रेघ ओढली.

“नगा सांगू,” तो म्हणाला. “म्या सांगायचं हुतं तर पयल्याच आठवड्यात. आता शिवांजली इचारंल, माज्या आईला दीड वरीस का जाळलंस. काय सांगू तिला? मिक्सर येनार हुता म्हनून?”

मानसिंग म्हणाला, कुणाला काही कळणार नाही, फक्त तुझ्या सासूच्या कानावर घालतो. ज्योतिबानं मान हलवली. होकार की नकार ते मानसिंगनं विचारलं नाही. ही मान कशी वाचायची ते तो आधीच शिकला होता.

रविवारी, नऊशे पंच्याण्णवाव्या दिवशी, तो एकटाच निघाला. नागठाणं, उंब्रज, कराड, मग शेणोलीवरून आत. ऊन मी म्हणत होतं. गाडी चालवताना त्यानं वाक्यं घोकली. बाई, ज्योतिबाचा हात तुमच्याकडं गेला नाही. मग शेवटचं वाक्य, हे आपल्या दोघांतच राहू दे. योजना त्याला पक्की वाटत होती. म्हातारीच्या छातीवरचा धोंडा उतरेल, शुक्रवारचा कार्यक्रमही होईल, कुणाचंच नुकसान नाही. कराड सोडल्यावर तर त्याला हलकंसुद्धा वाटलं, एका पुलाशी थांबून त्यानं उसाचा रस घेतला. माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडून देतो, हे त्याला त्या रसाच्या गाड्यावर कळलं नाही.

ज्योतिबाच्या सासूचं, सुलाबाईंचं घर गावाच्या कडेला, द्राक्षबागांना लागून होतं. जावयाच्या कंपनीतले साहेब म्हटल्यावर त्यांची धांदल उडाली. खाटेवरची चादर झटकली, माठातलं पाणी दिलं, कोरा चहा ठेवला. त्यानं आणलेला पेढ्यांचा पुडा त्यांनी कपाळाला लावून देवापुढं ठेवला. बारीक चणीची, उन्हानं काळवंडलेली बाई. त्या बोलताना त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या, हातांकडे बघत होत्या, आणि त्याची दहाही बोटं जागेवर आहेत हे त्याला फार जाणवत होतं. त्यांनीच आधी आभार मानले. आमच्या दारात तसला हात झालेल्या माणसाला तुमी कामावरनं काढलं न्हाई, असं म्हणत त्या त्याच्या पायाशी वाकल्या, तेव्हा तो इतका झटकन मागे सरला की चहा सांडला. मग त्यानं घोकलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. हात कंपनीत गेला. माझ्या प्रेसवर. त्या दिवशी ज्योतिबा इथं आलाच नव्हता. कुट्टीचं मी बनवलं, कुंडलचं नाव मी घेतलं. तुमची काही चूक नाही. सांगताना त्याचा आवाज फुटला आणि फुटला म्हणून त्याला बरं वाटलं.

सुलाबाईंनी फडक्यानं चहा पुसून घेतला. ज्योतिबानं सांगायला पाठवलं का, असं विचारलं. तो नाही म्हणाला. मग लेकीनं पाठवलं असंल. तेही नाही, माझा मीच आलो, असं तो म्हणाला आणि घाईघाईनं पुढं जोडलं की हे कुणाला बोलू नका, निदान शुक्रवारपर्यंत तरी. शुक्रवार हा शब्द खोलीत पडला आणि त्याला स्वतःला ऐकू आला. सुलाबाई पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघून हसल्या.

“भला मानूस हाय तुमी, दादा. म्हातारीचं दुख हलकं कराय एवढ्या उनातनं आला. खरं असतं तर असं गुपचूप कानात का सांगितलं असतं? चार मान्सांत सांगितलं असतं की.”

कुंपणापलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं. हाक मारली असती तर दोन बायका, एखादा पुरुष सहज जमला असता. चार माणसं. तेवढीच लागत होती. मानसिंगनं तोंड उघडलं. त्याला संयोगिता दिसली, मिक्सरची बासष्ट खोकी दिसली, एकट्या बाकावर डबा उघडून बसलेला गुंडा दिसला. त्यानं तोंड मिटलं. इतका वेळ त्याला वाटत होतं की खरं बोलायला धीर लागतो आणि तो आपण केला. धीर लागायची वेळ आता होती, आणि आत हात घालून पाहिलं तर तिथं काही नव्हतं. भांड्यांचा आवाज थांबला, पलीकडची बाई आत निघून गेली.

सुलाबाई उठल्या आणि त्याला गोठ्याकडे घेऊन गेल्या. दावणीला जनावर नव्हतं, कोपऱ्यात यंत्राच्या चार पायांच्या खुणा होत्या. त्या बोलत होत्या आणि त्यांचा आवाज शांत होता, पाठ झालेला. त्या दिवशी द्राक्षाची छाटणी होती, मजुरीला न्यायला बागवाल्याची गाडी यायची वेळ झालेली. वैरण निम्मी आत असताना लाईट गेली. बटण बंद करायचं राहिलं, तशाच गेल्या. ज्योतिबा आला, घरात कुणी नाही, म्हशी रेकतायत बघून अडकलेली वैरण काढायला त्यानं हात घातला असेल, आणि लाईट आली. मानसिंगनं दवाखान्यात तीन-चार शब्द दिले होते. बाकीचं सगळं त्यांनी एकटीनं रचलं होतं आणि त्यात कुठेही फट नव्हती.

“न्हाई हो,” तो कसाबसा म्हणाला, “हितं काय झालंच न्हाई.”

“आसं कसं?” त्या म्हणाल्या. “फोन आल्याव पळत आले तर हितं ह्या फरशीव रगत. पात्याला रगत. म्या माज्या हातानं धुतलंय.”

त्यांनी हात पुढं करून दाखवले. मानसिंग फरशीकडे बघत उभा राहिला. अजून एक वाक्य बोलायला जागा होती, आणि त्या वाक्याची वाट बघत त्याही थांबल्यासारख्या दिसल्या.

“पाणी लय लागलं असंल,” तो म्हणाला.

“चार घागरी,” सुलाबाई म्हणाल्या.